सामान, विद्युत, किरकोळ

आमच्या घरात वस्तूंची नावं उलटी घेतली जायची. "चप्पल, रबरी, डावी, कुठंय?" असं अण्णा विचारायचे. आई जेवायला वाढताना म्हणायची, "वरण, तुरीचं, गरम." आधी ती चेष्टा होती, मग सवय झाली. शाळेतल्या मैत्रिणीकडे मी एकदा "पेन, शाईचं, निळं" मागितलं आणि वर्गभर हसं झालं, तेव्हा कळलं की बाकीची घरं अशी बोलत नाहीत.

हे उलटं बोलणं फौजेतून आलेलं होतं. अण्णा नांदेड जिल्ह्यातले. १९७० मध्ये नांदेडहून मीटरगेजच्या गाडीनं काचीगुड्याला उतरले आणि सिकंदराबादच्या आर्मी ऑर्डनन्स कोअर सेंटरात भरती झाले. ऑर्डनन्स म्हटलं की आपल्याला तोफा दिसतात. प्रत्यक्षात या कोअरचं निम्मं आयुष्य गोदामात जातं. बूट, तंबू, नटबोल्ट, वायरलेस संचांचे सुटे भाग असं सगळं मागवायचं, मोजायचं, रॅकवर लावायचं आणि मागितलं की द्यायचं. अण्णा स्टोअरकीपर होते. सतरा वर्षांत त्यांनी युद्धात एकही गोळी झाडली नाही. पण अंधारात हात घालून पाहिजे तो फ्यूज काढून दाखवायची पैज ते आयुष्यभर लावत आले.

मी इंजिनिअरिंगला नांदेडला आले आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तेव्हा त्यांनी मला एक जाड, कापडी बांधणीची वही दिली. डाव्या बाजूला चार आकडी नंबर, उजव्या बाजूला मराठीत नावं. ५९०५ रेझिस्टर. ५९१० कपॅसिटर. ५९२० फ्यूज. ५९३० स्विच. ५९३५ कनेक्टर. ५९४५ रिले. ५९५० कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर. शेवटी ५९९९, आणि त्याच्यापुढे एकच शब्द: किरकोळ.

हे नंबर कुठून आले, हे मी बऱ्याच उशिरा शोधलं. ती गोष्ट एका काचेच्या नळीपासून सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फिलिप्स कंपनीनं ईएफ ५० नावाचा रेडिओ व्हॉल्व्ह काढला होता. ब्रिटिशांच्या रडारला तो हवा होता. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसण्याच्या अगदी काही दिवस आधी असे सुमारे २५,००० व्हॉल्व्ह एका ट्रकमधून बंदरावर नेऊन इंग्लंडला पाठवले गेले. युद्धाच्या गोष्टींत हा ट्रक अधूनमधून भेटतो. मला जास्त रस पुढच्या भागात आहे. इंग्लंडमध्ये हा व्हॉल्व्ह हवाई दलानं घेतला आणि त्याला नाव दिलं व्हीआर ९१. भूदलानं तोच घेतला आणि नाव दिलं एआरपी ३५. काच तीच, आतल्या तारा त्याच, नाव मात्र खात्यागणिक वेगळं. हवाई दलाच्या रॅकवर शंभर पडून असताना भूदलाचा मेकॅनिक 'शिल्लक नाही' ऐकून परत जाऊ शकत होता. शेवटी ब्रिटिशांनी सगळ्या दलांसाठी 'कॉमन व्हॉल्व्ह' म्हणून एकच यादी केली. तिच्यात याचा नंबर सीव्ही १०९१.

अमेरिकेत हाच घोळ कितीतरी मोठ्या आकाराचा होता. भूदल, नौदल आणि त्यांची पोटखाती आपापले नंबर लावत होती. एका गोदामात जी वस्तू गंजत होती, तीच वस्तू दुसरं खातं नवीन विकत घेत होतं. युद्ध संपल्यावर हिशेब मांडायला बसले तेव्हा हे उघडं पडलं आणि १९५२ मध्ये त्यांच्या काँग्रेसनं त्यासाठी कायदाच केला. लष्कर विकत घेईल त्या प्रत्येक वस्तूला एक नाव आणि एक नंबर, आणि एका वस्तूला दोन नंबर नाहीत. पुढं नाटो देशांनी हीच पद्धत उचलली. आता नाटोत नसलेले देशही ती वापरतात.

नंबर आज तेरा आकडी असतो. पहिले चार आकडे म्हणजे वर्ग. त्यांतले पहिले दोन गट सांगतात: १० म्हणजे शस्त्रं, ८४ म्हणजे कपडे, ५९ म्हणजे विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग. पुढचे दोन आकडे नंबर देणाऱ्या देशाचे. ब्रिटनचा ९९, जर्मनीचा १२, आणि आपला, भारताचा, ७२. उरलेल्या सात आकड्यांना काहीही अर्थ नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. वस्तूची ओळख म्हणजे हे शेवटचे नऊ आकडे. वर्ग बदलला तरी ते बदलत नाहीत.

अण्णांच्या काळातला गोंधळ आपल्याकडचा वेगळाच होता. भारतीय भूदलाला ब्रिटिशांकडून वारशानं मिळाली ती ऑर्डनन्स सामानाची 'व्होकॅब्युलरी'. तिच्यात वायरलेसचं सामान झेड अक्षराखाली असे. १९६२ च्या चीन युद्धानंतर अमेरिकेची मदत आली. तिच्यासोबत हे चार आकडी वर्ग असलेले डबे आले. १९६५ च्या युद्धात ती मदत थांबली, डबे मात्र राहिले. त्याच सुमारास रशियन सामान यायला लागलं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ विमानांसाठी कारखाना उभा राहिला तो १९६४ मध्ये. रशियन सामानावरची अक्षरंच वेगळी. एकाच जातीच्या एका छोट्या व्हॉल्व्हला अमेरिकन ६ एके ५ म्हणायचे, युरोपीय ईएफ ९५ म्हणायचे, ब्रिटिश सीव्ही ८५० म्हणायचे, आणि रशियन आपल्या लिपीत ६ झे १ पे लिहायचे. नांदेडजवळच्या खेड्यातून गेलेल्या, इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या पोरानं ते पत्र्याचे डबे ओळखायचे होते. अण्णा सांगायचे, तिथल्या एका म्हाताऱ्या सुभेदारसाहेबांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: वस्तू कशाला वापरतात ते विचारू नको, वस्तू काय आहे ते विचार. फ्यूज रणगाड्यातला असो नाहीतर दवाखान्यातला, तो फ्यूज आहे. म्हणून नामाला पहिली जागा, विशेषणं मागून. चप्पल आधी, रबरी नंतर.

आता ५९९९ कडे येते.

५९ व्या गटाची यादी नीट बघितलीत तर ती पाच-पाचच्या उड्या मारत जाते. ५९०५, ५९१०, ५९१५. मधल्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या, पुढं कुणाला लागतील म्हणून. १९५० च्या दशकात व्हॉल्व्हचं राज्य होतं, त्यांना ५९६० मिळाला. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकता जन्मला होता. तो वाढला तेव्हा सेमीकंडक्टरसाठी ५९६१ ची जागा काढावी लागली. मग मायक्रोसर्किट आली, त्यांना ५९६२. तुमच्या हातातल्या फोनच्या आत जे जे आहे, त्यातलं बरंचसं या व्हॉल्व्हच्या मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या दोन-तीन आकड्यांत बसतं. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट करतात तसं. आणि व्हॉल्व्ह अजूनही ५९६० वर ऐसपैस बसलेला आहे.

ज्यांना अशी जागा मिळाली नाही, ते सगळे ५९९९ मध्ये. विजेचे सुटे कॉन्टॅक्ट, क्लिपा, ट्रान्झिस्टर तापू नये म्हणून त्याच्या पाठीला लावतात ती ॲल्युमिनियमची पन्हाळी, रेडिओ लहरी आत-बाहेर जाऊ नयेत म्हणून डब्याच्या कडेला बसवायची जाळीदार पट्टी. एकेकाळी सर्किट बोर्डसुद्धा इथंच मोडत. 'हे काय आहे' याचं तयार उत्तर नव्हतं, म्हणून किरकोळमध्ये. पुढं त्यांची संख्या इतकी वाढली की त्यांना शेजारचा ५९९८ मिळाला आणि ते तिकडं राहायला गेले. शेवटचे नऊ आकडे सोबत घेऊन. सासरी गेलेल्या मुलीचं आडनाव बदलतं तसं पुढचं बदललं, मागचं राहिलं. (आडनाव न बदललेल्या मुलींनी ही उपमा सोडून द्यावी. मीही बदललेलं नाही.)

मला यातली एक गोष्ट समजायला वेळ लागला. ५९९९ हा किरकोळांचा वर्ग आहे, पण त्यातली एकही वस्तू बिननावाची नाही. प्रत्येक क्लिपेला स्वतःचं नाव, स्वतःचे नऊ आकडे. मान्य नावांच्या यादीत जिचं नाव सापडत नाही अशी वस्तू आली, तर नावाच्या सांकेतिक रकान्यात ७७७७७ लिहितात. म्हणजे 'हिला अजून मान्य नाव नाही' हेसुद्धा नोंदवायची सोय आहे. वस्तूचा नंबर तरीही तिचा तिलाच.

आपल्या भाषेत किरकोळांना शब्द भरपूर आहेत. सरकारी कागदावर 'संकीर्ण', दुकानात 'किरकोळ', साहित्यात 'फुटकळ', आईच्या तोंडी 'सटरफटर'. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांची यादी मी एकदा मुद्दाम वाचली. तोफखाना, दारूखाना, जिरातखाना, फरासखाना, पीलखाना, अगदी शरबतखानाही आहे. 'इतरखाना' नाही. शरबतासाठी खाना काढणारी माणसं सटरफटर कुठं ठेवत होती, हा प्रश्न मला अजून पडतो.

अण्णा १९८७ मध्ये निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून लातूरच्या एका कार्यालयात भांडारपाल म्हणून लागले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झालेला. पाच वर्षांचा जिल्हा, सगळंच नवीन. त्यांच्या भांडारात गाड्यांचं, पंपांचं, वायरलेसचं सामान होतं आणि साठा नोंदवहीत त्या सगळ्या बारीक वस्तूंना एकच पान होतं. वरती मथळा: किरकोळ विद्युत साहित्य. मोजमाप: नग. फ्यूज एक नग, बॅटरीचा जाड क्लॅम्पही एक नग. अण्णांनी वेगवेगळी पानं पाडायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, रजिस्टर वाढेल, बदलून गेल्यावर चार्ज देताना कोण मोजणार. मग अण्णांनी घरची वही काढली. कार्यालयाच्या वहीत एक पान, घरच्या वहीत पंधरा. वर फौजेतले नंबर. मी पुढं पाहिली ती हीच.

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. मी नऊ वर्षांची होते. लातुरात आम्ही रस्त्यावर आलो, भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. किल्लारी तिथून चाळीसेक किलोमीटर. उजाडल्यावर जीपगाड्या तिकडून यायला लागल्या आणि उतरणाऱ्या माणसांचे चेहरे मातीनं एकसारखे झाले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर मातीचं धाबं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

वीज नव्हती. ढिगारे रात्रीही उपसायचे होते. सैन्य आलं, जनरेटर आले, पण जनरेटरपासून दिव्यापर्यंत जायला वायर लागते, होल्डर लागतो, टेप लागते. जीपच्या बॅटरीवर बल्ब लावायचा तर दोन मगरतोंडी क्लिपा लागतात. त्या नसल्या तर बॅटरी आहे आणि बल्ब आहे, तरी अंधारच. अण्णांनी भांडाराचं कुलूप उघडलं आणि तीन दिवस बंद केलं नाही. मागणीपत्रं लिहायला कुणाला वेळ नव्हता. जो येईल त्याला ते देत होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहीत होते. क्लिप, मगरतोंडी, ४०, किल्लारी. होल्डर, बॅकेलाइट, २५, सास्तूर. टेप, इन्सुलेशन, काळी, १८.

याच दिवसांत देशभरातून कपड्यांचे ट्रक आले होते. मला ते ढीग आठवतात. साड्या, कोट, लहान मुलांचे फ्रॉक, एका पायाचे बूट, सगळं एकत्र, वरून पाऊस. ज्याला घोंगडं पाहिजे त्याच्या हातात टाय यायचा. अण्णा एका संध्याकाळी तिथं थांबले आणि चार पोरं हाताशी धरून ढीग फोडायला लागले. पुरुषांचे एकीकडं, बायकांचे एकीकडं, पांघरायचं वेगळं, लहान पोरांचं वेगळं. मला फ्रॉकांवर बसवलं. "काय हुडकालीस गं? हुडकू नको, नुसतं वेगळं कर," म्हणाले. तासाभरात रांग लागली आणि माणसं पाहिजे ते मागून न्यायला लागली. मी त्यांना कामात खूश असलेलं तेव्हा पाहिलं. आजूबाजूला काय होतं ते लक्षात घेता हे लिहिताना बरं वाटत नाही, पण पाहिलं ते असं.

१९९६ मध्ये लेखापरीक्षण आलं. किरकोळ विद्युत साहित्य: एकूण आवक १,१४० नग. मागणीपत्रांवर दिलेले ४१०. प्रत्यक्ष शिल्लक ३१८. कमी ४१२. अण्णांनी कॅलेंडरचं पान दाखवलं. लेखापरीक्षक चांगला माणूस होता, असं अण्णा स्वतःच म्हणत. त्यानं पान उलटंसुलटं केलं आणि विचारलं, यात क्लिपा लिहिल्यात, तुमच्या रजिस्टरात क्लिप आहे कुठं? रजिस्टरात क्लिप नव्हतीच. होल्डर नव्हता, टेप नव्हती. फक्त नग होता. ४० क्लिपा किल्लारीला गेल्या हे सिद्ध करायला आधी भांडारात ४० क्लिपा होत्या हे सिद्ध करावं लागणार होतं. भूकंपात गेलेल्या सामानाचं निर्लेखन करायची तरतूद होती, बाकीच्यांचं झालंही. तंबू, बॅटऱ्या, जनरेटर. त्यांना स्वतःची पानं होती. घरच्या वहीला कार्यालयात किंमत नव्हती, आणि ती पुढं केली तर परवानगीशिवाय समांतर हिशेब ठेवल्याचा आणखी एक आक्षेप आला असता. ती पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

नगाची सरासरी किंमत अकरा रुपये धरली. ४,५३२ रुपये. आठ हप्त्यांत पगारातून कापले. फ्यूजच्या तारेचा तुकडा अकरा रुपये, क्लॅम्प अकरा रुपये. आईनं त्या वर्षी दिवाळीला साडी घेतली नाही आणि पुढची दोन वर्षं ती त्याबद्दल बोलत राहिली. अण्णा एकदाच बोलले, बऱ्याच वर्षांनी, मी पुढं नोकरीत स्टॉकचं सॉफ्टवेअर हाताळायला लागले तेव्हा. मी त्यांना माझ्या स्क्रीनवरचा 'मिसलेनियस' नावाचा फोल्डर दाखवला होता. ते म्हणाले, "त्यात किती नग आहेत ते नको सांगू. काय काय आहे ते सांग." मला सांगता आलं नाही. १,९०० पेक्षा जास्त ओळी होत्या. त्यांतल्या तीनशेच्या पुढं नुसतं 'पार्ट' लिहिलेलं होतं.

फौजेची ती व्यवस्था मला निर्दोष वाटत नाही. ती युद्धासाठी बनली आहे. कुठल्या तरी डोंगरावर तोफ वेळेत चालावी म्हणून क्लिपेला नाव दिलं गेलं, क्लिपेवर माया होती म्हणून नाही. आणि आमच्या घरात त्या शिस्तीचा काचही होता. भाऊ दहावीला नापास झाला तेव्हा अण्णांनी त्याला काही दिवस ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी नंतर स्टोअरमध्ये कोणत्याच रॅकवर न बसणाऱ्या मालाकडं पाहताना पाहिली आहे. भावाचं पुढं बरं झालं. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे आणि त्याच्या ड्रॉवरांवर काहीही लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, माझं मला कळतंय.

कॅलेंडरच्या त्या पानावर क्लिपांच्या ओळीपुढं नंतर वेगळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: परत ६. सैन्याच्या एका जवानानं किल्लारीहून परतताना त्या आणून दिल्या होत्या. परतीची चिठ्ठी नव्हती, त्यामुळं त्या कुठल्याच हिशेबात नव्हत्या, आणि भांडारपालाला कमी सापडण्याइतकीच जास्त सापडण्याची भीती असते. त्या एका पुडक्यात रॅकच्या मागं पडून होत्या. आठवा हप्ता कापला गेला त्या दिवशी अण्णा वसुलीचा कागद खिशात घालून भांडारात गेले आणि ते पुडकं घरी घेऊन आले. आईनं विचारलं, हे काय आणलंत? म्हणाले, "क्लिपा, मगरतोंडी, सहा. पैसे भरलेत."

चार भावाच्या दुकानात आहेत. दोन माझ्याकडं आहेत, एकीची स्प्रिंग ढिली झालीय.